पुस्तकांचीही जोड लावावी लागते

वाचकाचं पत्र

बाई, नमस्कार.

मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहतो, वय २६. आमच्या तालमीनं यंदा गणपतीत साउंड सिस्टीम लावायची नाही असं ठरवलं आणि वाचलेल्या पैशातून तालमीच्या वरच्या खोलीत वाचनालय काढायचं ठरलं. ४०,००० रुपये हातात आहेत. मी बी.ए.ला मराठी घेतलं होतं, तेवढ्यावर पुस्तकं निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. आता भांडण असं लागलंय: स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारे दोघं म्हणतात, कादंबऱ्या म्हणजे खोट्या गोष्टी, त्यात एक रुपया घालायचा नाही, माहितीची पुस्तकं घ्या. अध्यक्षांना नुसत्या ऐतिहासिक कादंबऱ्या पाहिजेत, 'पोरं तेच वाचत्यात' म्हणून. खजिनदाराला यशस्वी कसं व्हावं, श्रीमंत कसं व्हावं असली पुस्तकं हवीत. वस्ताद म्हणतात, "काय बी आणा, पर वाचणारं आणा." तुम्ही प्रत्येक प्रकारच्या पुस्तकाचे गुण-दोष सांगून दहापैकी मार्क द्या, म्हणजे मीटिंगमध्ये वाचून दाखवतो आणि विषय संपवतो.

— तालमीचा नवशिका ग्रंथपाल

उत्तर

प्रिय नवशिक्या ग्रंथपाला,

मार्क देणार नाही, ते आधीच सांगते. मार्क दिले की तू ते वाचून दाखवणार, ज्याच्या पुस्तकांना कमी पडले तो रुसणार, आणि पुस्तकं राहतील बाजूला. शिवाय तुम्ही तालमीतली माणसं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं कळायला हवं. खासबागेत कुस्त्यांचं मैदान ठरतं तेव्हा वस्ताद मंडळी सगळ्या पैलवानांची एक ते शंभर अशी यादी काढत बसतात का? ती जोड बघतात. समोर कोण उभा आहे हे ठरल्याशिवाय कुठला पैलवान किती पाण्यात आहे ते कळत नाही. पुस्तकंही तशीच घे. सुटी सुटी घेऊ नकोस, जोडीनं घे: एक कादंबरी, आणि त्याच विषयावरचं, कादंबरी नसलेलं दुसरं पुस्तक. एकाचा दोष दुसऱ्यासमोर उघडा पडतो, आणि गुणही तिथंच दिसतो. एकेकटं वाचलं की प्रत्येक पुस्तक आपापल्या गल्लीत हिंदकेसरीच असतं.

पहिली जोड आपल्याच जिल्ह्यातली. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांची 'मृत्युंजय' तुमच्या अध्यक्षांनी वाचली असणारच. तिच्यासमोर इरावती कर्वे यांचं 'युगान्त' ठेव. गंमत म्हणजे दोन्ही पुस्तकं १९६७ सालची, आणि दोन्हीत कर्ण आहे. 'मृत्युंजय'मध्ये कर्ण स्वतः बोलतो, कुंती बोलते, दुर्योधन, वृषाली, शोण बोलतात, शेवटी कृष्ण बोलतो. पाचशे पानं उलटली की वाचणाऱ्याला वाटायला लागतं की कर्णावर झालेला अन्याय आपल्यावरच झालाय. ही ताकद खरीच आहे, तिला नावं ठेवणाऱ्यानं तशी पाच पानं लिहून दाखवावीत. पण कादंबरी ज्याच्या खांद्यावर हात टाकते त्याच्या चुका तिला नीट दिसत नाहीत. भाषा सतत सणासुदीचे कपडे घालून वावरते. कुणी साधं पाणी मागितलं तरी त्याला उपमा लागते.

'युगान्त' हातात धरलंस की थंड पाण्यानं आंघोळ केल्यासारखं होतं. कर्वेबाई मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. त्यांनी भांडारकर संस्थेची महाभारताची संशोधित आवृत्ती समोर ठेवली आणि एकेका माणसाला उभं करून विचारलं, तू केलंस काय? कर्णालाही त्यांनी सोडलं नाही. कौरव गाईगुरं बघायला रानात गेले त्या घोषयात्रेत गंधर्वांपुढून कर्ण निसटला, दुर्योधन त्यांच्या हाती सापडला आणि त्याला सोडवायला पांडवांना जावं लागलं, हा प्रसंग महाभारतातलाच आहे. कर्णावर जीव टाकणाऱ्या पोराला तो एकदा वाचू दे. मग 'युगान्त'चा दोष काय? बाई कधी कधी न्यायाधीशासारख्या बोलतात, निकाल आधी आणि दया मागून. आणि तुमच्या स्पर्धा परीक्षावाल्या दोघांना हेही सांग की त्याच पुस्तकात गांधारीवरच्या लेखात बाईंनी स्वतः कल्पनेनं प्रसंग रंगवलाय. अभ्यासाच्या पुस्तकालाही कुठं तरी गोष्ट सांगावी लागली.

दुसरी जोड पानिपतची. विश्वास पाटील यांची १९८८ सालची कादंबरी 'पानिपत', आणि तिच्यासमोर त्र्यं. शं. शेजवलकर यांचं १९६१ सालचं 'पानिपत : १७६१'. कादंबरी तुमची पोरं चार दिवसांत संपवतील. छावणीतली उपासमार, थंडी, बाजारबुणगे, यात्रेकरू, सगळं अंगावर येतं. शेजवलकर चार दिवसांत संपणार नाहीत, चार महिन्यांत संपले तरी खूप. त्यांची भाषा टणक आहे, आणि भीड कुणाचीच नाही. पण कादंबरीत भाऊसाहेब अमुक का वागले याचं एकच उत्तर मिळतं, कारण कादंबरीकाराला एक उत्तर निवडावंच लागतं. शेजवलकरांकडं उत्तरांवर वाद मिळतो. १४ जानेवारी १७६१ ला संध्याकाळी काय झालं ते कादंबरीनं दाखवावं, आणि ते का झालं यावर शेजवलकरांशी भांडावं. भांडावंच, कारण त्यांचीही मतं ठाम आहेत आणि ठाम मत म्हणजे पुरावा नव्हे.

जाता जाता एक. त्या लढाईची बातमी पेशव्यांपर्यंत पोचली ती सावकारी भाषेत, असं आपण शाळेपासून ऐकतो: दोन मोती गळाले, २७ मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. 'माहिती पाहिजे, गोष्ट नको' म्हणणाऱ्याला हे वाक्य दे आणि विचार, ह्यातली माहिती कुठली आणि गोष्ट कुठली ते वेगळं करून दाखव.

आता माझ्या आवडीची जोड, आणि इथं मी जरा रेंगाळणार आहे. कागलच्या आनंद यादवांचं 'झोंबी' (१९८७), आणि धनंजय कीर यांनी लिहिलेलं शाहू महाराजांचं चरित्र. तालमीत ह्या जोडीपेक्षा शोभेल असं काही मला सुचत नाही, एकाचं तर नावच कुस्तीचं आहे.

१९१७ साली महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या आईबापाला दरमहा एक रुपया दंड. चरित्रात हे वाचताना छाती फुगते, आणि फुगावीच. कुणी विरोध केला, पैसा कुठून आणला, हुकूम कसे सुटले, हे सगळं समजायला चरित्रच पाहिजे, कुठलीही कादंबरी ते काम करणार नाही. पण १९१७ नंतर अठरा वर्षांनी कागलातच जन्मलेलं एक पोरगं शाळेसाठी बापाशी झगडत राहतं, कारण शेतात राबायला हात पाहिजेत, आणि पोराचे हात घरचे असतात, त्यांना मजुरी द्यावी लागत नाही. दरबारात झालेला कायदा रानातल्या बांधावर आल्यावर त्याचं काय होतं, हे मला 'झोंबी'नं शिकवलं. कीरांच्या चरित्राचा दोष असा की लेखक नायकासमोर हात जोडून उभा आहे. तारखा आणि समारंभ एकामागून एक येत राहतात. 'झोंबी'चा दोष असा की ते आठवणींवर उभं आहे. लांबलंयही, आणि बाप आपल्याला दिसतो तो मारलेल्या पोराच्या डोळ्यांनी. बापाला विचारलं असतं तर त्यानं काय सांगितलं असतं, हा प्रश्न वाचताना मनात ठेवावा लागतो.

मी शाळेचं ग्रंथालय सांभाळायची तेव्हा ह्याच पुस्तकानं मला एकदा अडवलं होतं. लेखक त्याला आत्मचरित्रात्मक कादंबरी म्हणतात. म्हणजे ठेवू कुठं? आम्ही पुस्तकं विषयवार आकडे देऊन लावायचो त्या ड्यूईच्या दशांश पद्धतीत मराठी साहित्य ८९१.४६ ला, चरित्रं ९२० ला. शेवटी दोन प्रती घेतल्या, एक इकडं लावली, एक तिकडं. पाच वर्षांनी बांधणीला पुस्तकं काढली तेव्हा कादंबरीच्या कपाटातल्या प्रतीचा कणा निघाला होता, कडा तेलकट काळ्या, मधली आठ पानं सुटलेली. चरित्रांच्या कपाटातली प्रत जवळजवळ कोरी. पुस्तक तेच, शब्द तेच, किंमतही तीच. कपाटावरच्या पाटीनं वाचणारे पळवले होते. म्हणून तुला सांगते, तालमीच्या कपाटाला 'कथा-कादंबरी' आणि 'माहितीपर' अशा पाट्या लावूच नकोस. पानिपत एका जागी, कर्ण एका जागी, शाहू महाराज एका जागी, शेतीभाती एका जागी.

आता तुमच्या त्या स्पर्धा परीक्षावाल्या दोघांच्या 'कादंबऱ्या खोट्या' ह्या मुद्द्याकडं येते, कारण त्यात थोडं तथ्य आहे आणि ते मी स्वतः भोगलंय. शाळेत ऐतिहासिक कादंबऱ्या मी इतिहासाच्याच कपाटात ठेवायची, सगळेच ठेवायचे. नववीतल्या एका पोरानं वक्तृत्व स्पर्धेत थोरल्या माधवरावांवर भाषण केलं. कोवाडच्या रणजित देसाईंची 'स्वामी' त्यानं पाठ केली होती म्हटलं तरी चालेल. थेऊरचे शेवटचे दिवस, रमाबाईंशी झालेलं बोलणं, पोराचा आवाज भरून आलेला. परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "हे वाक्य कुठल्या कागदात मिळालं?" पोरगं माझ्याकडं बघायला लागलं. त्याची काहीच चूक नव्हती. देसाईंचीही नव्हती, त्यांनी मुखपृष्ठावर कादंबरी असंच म्हटलंय. माधवराव १७७२ साली सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला गेले हा इतिहास. नवरा-बायको आत काय बोलले, ते लेखकाचं. चूक होती ती कपाट लावणाऱ्या बाईची. आता वरच्या परिच्छेदात मी तुला पाट्या लावू नकोस म्हटलं आणि इथं कपाट चुकलं म्हणते, तर तुला वाटेल बाईंचं काही खरं नाही. पण तिथं कादंबरी एकटीच होती, समोर जोड नव्हती. शेजारी पेशव्यांच्या पत्रव्यवहाराचं एखादं पुस्तक असतं तर पोरानं निदान चाळलं असतं. मी तर म्हणते, पाटीऐवजी प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिही: 'संवाद लेखकाचे'. किंवा: 'शेवटी संदर्भ दिले आहेत, बघावेत'.

पण ह्यावरून कादंबरीला खऱ्याशी देणंघेणं नाही असं समजू नकोस. ग्रामीण कथांचं वाचन ठेवलं होतं एकदा, पालकांनाही बोलावलं होतं. एका गोष्टीत गुऱ्हाळाचं वर्णन होतं, फार काव्यमय. मागं बसलेले एका मुलाचे वडील, पेशानं गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारे, हळूच म्हणाले, "ह्यानं गुऱ्हाळ रस्त्यावरनंच बघितलंया." लेखकानं उकळता पाक काहिलीतून, म्हणजे गुऱ्हाळाच्या मोठ्या कढईतून, थेट साच्यात ओतला होता. आधी निववावा लागतो, घोटावा लागतो, हे कागलपासून पन्हाळ्यापर्यंत कुठलंही शेंबडं पोर सांगेल. त्यानंतर त्या गोष्टीतल्या म्हातारीच्या रडण्यावरही कुणाचा विश्वास बसेना. कादंबरीनं माणसं खुशाल कल्पनेतली आणावीत, पण काहील खरी पाहिजे. कुस्तीवरची गोष्ट आणलीस तर आधी वस्तादांना वाचायला दे. डाव चुकलेला असेल तर ते दुसऱ्या पानावर पुस्तक मिटतील.

आणि माहितीची पुस्तकं म्हणजे सगळं खरं, हाही भ्रम काढून टाक. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांना इशारा पातळीवर येते आणि ४३ फुटांना धोक्याच्या, हे आपल्याकडं पाळण्यातल्या पोराला माहीत. माहितीचं पुस्तक मला ४३ देईल, पाऊस किती झाला, धरणातून पाणी कधी सोडलं ते देईल, आणि ते लागतंच; महापुरात ज्याला आकडा कळतो तो वेळेवर घर सोडतो. पण २०१९ च्या महापुरात म्हैस जिन्यावरनं माडीवर चढवताना शिवाजी पुलाकडच्या वस्तीतल्या बाईनं तिच्या कानात काय सांगितलं असेल, ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ते कुणी लिहिलं तर गोष्ट म्हणूनच लिहील. बरं, आकड्यांच्या पुस्तकाला वयही असतं. २०१९ च्या आधी छापलेलं पुराचं पुस्तक आज अर्धवटच. म्हणून माहितीचं पुस्तक घेताना आवृत्तीचं साल बघ, पुनर्मुद्रणाचं नव्हे. बरेचदा वरती नवं साल छापतात आणि आत जुनीच पानं असतात. गोष्ट तशी शिळी होत नाही, ती दुसऱ्या तऱ्हेनं होते: तिच्यातल्या बायका नुसत्या पदर सावरत, डोळे पुसत राहतात, आणि आजची पोरगी पुस्तक ठेवून देते.

खांडेकरांचंच बघ. कोल्हापुरात राहून लिहिणाऱ्या ह्या माणसाला १९७४ चं ज्ञानपीठ मिळालं, मराठीतलं पहिलं. 'ययाति' (१९५९) मी सतराव्या वर्षी वाचली तेव्हा निम्मी कादंबरी वहीत उतरवून काढली होती, पानोपानी सुविचार. साठीत पुन्हा वाचली तर तेच सुविचार दाताखाली खड्यासारखे लागले. आणि सतराव्या वर्षी ज्याच्याकडं लक्षच गेलं नव्हतं तो ययाति, आपल्या प्रत्येक घसरणीला कारण शोधून देणारा, तो मात्र ओळखीचा निघाला. ह्या पुस्तकाची जोड म्हणजे तेच पुस्तक, चाळीस वर्षांनंतर. तुझ्या ४०,०००त ते बसत नाही, पण एक प्रत घेऊन ठेव.

खजिनदाराचं 'यशस्वी कसं व्हावं' लवकर आटोपते. बहुतेकांत एक कल्पना असते आणि ती दोनशे पानं ताणलेली असते, उदाहरणं परदेशातल्या कंपन्यांची, पडताळायला जागा नाही. पण आयुष्यात एकही पुस्तक पूर्ण न केलेल्या पोरानं पहिलं पूर्ण केलं ते असलंच, हे मी डोळ्यांनी पाहिलंय, म्हणून नाक मुरडत नाही. दोन घे. स्पर्धा परीक्षेची गाइडं तालमीच्या पैशातून घेऊ नकोस. ती दरवर्षी जुनी होतात, आणि ज्याला पाहिजेत तो ती आपल्या घरीच घेऊन बसतो.

दुकानात उभ्या उभ्या कसं पारखायचं, हे विचारलं नाहीस तरी सांगते. पुस्तक मधे उघड आणि लेखकाला जो माणूस पटत नाही तो शोध. खलनायक असेल, राजकीय विरोधक असेल, सावत्र सासू असेल. त्याला लेखकानं एक तरी धड वाक्य बोलू दिलंय का बघ. कादंबरी असो की इतिहास, जिथं विरोधकाला फक्त मूर्खासारखं बोलायला लावलंय ते पुस्तक मी परत ठेवते. इतिहासाच्या पुस्तकात आणखी एक बघायचं: 'याला पुरावा मिळत नाही' असं लेखक कुठं तरी कबूल करतो का. तीनशे पानांत एकदाही नसेल तर सावध हो. आणि दुकानात जायच्या आधी करवीर नगर वाचन मंदिरात जाऊन ये. १८५० पासूनचं ग्रंथालय आहे, तिथल्या देवघेवीच्या टेबलाशी तासभर उभा राहिलास तर लोक हातात काय घेऊन बाहेर पडतात ते दिसेल. आपल्या संस्थानानं १९४५ साली ग्रंथालयांचा कायदा केला, देशात सगळ्यांत आधी. मीटिंगमध्ये कुणी 'तालमीला पुस्तकं कशाला' म्हणालं तर हे सांगायला उपयोगी पडेल.

पैशाचं असं कर. आधी २०,००० चीच पुस्तकं घे, साठेक येतील. आलेली पुस्तकं नोंदवायच्या दाखल नोंदवहीच्या शेजारी एक साधी वही ठेव, त्यात नाव, पुस्तक, आणि एकच रकाना: कुठल्या पानावर थांबलो. 'आवडलं का' विचारू नकोस, सगळे हो म्हणतात. थांबलेलं पान कुणी खोटं लिहीत नाही, लिहिलं तरी दोनशेच्या जागी दोनशे दहा. तीन महिन्यांनी ती वही मला दाखव. शेजवलकर सगळ्यांनी चाळिसाव्या पानावर सोडले असतील तर पुढच्या २०,००० त पानिपतवरचं सोपं काही शोधू. 'मृत्युंजय' घेणाऱ्यानं 'युगान्त' घेतलं का, तेही त्यातच कळेल. मला वाटतं दहातले दोघं घेतील, आणि त्या दोघांपैकी एक वस्ताद असतील.

खोली आखाड्याच्या वर आहे म्हणतोस. म्हणजे तांबडी माती जिन्यानं वर येणार आणि पोरं तेलाच्या हातानं पानं उलटणार. सगळ्यांना खाकी कव्हर घाल, खालचा कप्पा रिकामा ठेव, आणि जिन्याच्या तोंडाशी नळाजवळ एक जुना पंचा टांगून ठेव.